पीएच.डी. पुरी व्हायच्या आधी काम लोकांसमोर मांडावं का? (भूगोल, कोल्हापूर)

शिरोळकडची

नमस्कार. भूगोलात पीएच.डी. करतेय, तिसरं वर्ष. विषय पंचगंगेचा पूर. पावसाचे आकडे, नकाशे हे सगळं आहेच, पण माझं खरं काम लोकांच्या भिंतींवर चालतं. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा मी गावोगाव फिरून मोजते. कुठं चुन्यावर मळकट रेघ राहिलीय, कुठं घरच्यांनीच ऑइलपेंटनं बाण काढून तारीख घातलीय. एका आजींनी देवघराच्या फळीखाली खिळा ठोकून ठेवलाय, "हितवर आलतं." करवीर, हातकणंगले आणि शिरोळ मिळून ११२ खुणा झाल्या.

प्रश्न असा आहे. हे काम चालू असतानाच थोडं थोडं मराठीत लिहीत जावं असं मला फार वाटतं. साधा ब्लॉग, महिन्याला एक नोंद. कारण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. ऑगस्टमध्ये सकाळी उठल्यावर चहाच्या आधी लोक तो आकडा बघतात. पण ४३ म्हणजे आपल्या दारात किती, हे विचारलं तर जो तो अंदाजानं सांगतो. त्याचं थोडंफार उत्तर माझ्या वहीत आहे आणि वही कपाटात आहे.

गाइड सर म्हणतात पेपर (शोधनिबंध) छापून येईपर्यंत एक अक्षर बाहेर जाता कामा नये. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं परिषदेत दाखवलेला नकाशा पुढं दुसऱ्याच कुणाच्या तरी लेखात निघाला होता. रूममेट म्हणते पेपर यायला दीड वर्ष लागेल, तोवर दोन पावसाळे होऊन जातील, मग लिहून काय उपयोग.

शिवाय काही गोष्टी माझ्याच मला कळलेल्या नाहीत. काही घरांत २००५ आणि २०१९ च्या खुणांमध्ये मोठं अंतर आहे, २०१९ चं पाणी बरंच वर आलं होतं, त्यामुळं तसं असायलाच पाहिजे. पण शिरोळमधल्या एका घरात फक्त ७ इंच! दोनदा जाऊन मोजलं. असलं अर्धवट लोकांना दाखवायचं का?

आणि एक. विभागातल्या व्याख्यानांची प्रसिद्धी "तू मोबाइलवर सारखी असतेसच" म्हणून माझ्या गळ्यात पडलीय. निमंत्रणाचं रंगीत चित्र आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येतं, मी पुढं पाठवते, आणि दुसऱ्या दिवशी समोर एम.ए.ची सक्तीनं बसवलेली पोरं. यावर काही सुचत असेल तर तेही सांगा.

---

थिनफिल्मवाला

ताई, शाखेगणिक उत्तर बदलतं, म्हणून आधी आमचं सांगतो.

आम्ही फिजिक्सवाले या बाबतीत १९९१ पासून निर्लज्ज आहोत. त्या साली पॉल गिन्स्पर्ग यांनी लॉस अलामॉसला आर्काइव्ह नावाचं प्रीप्रिंटांचं, म्हणजे अजून न छापलेल्या पेपरांचं, ऑनलाइन कोठार सुरू केलं, पुढं ते कॉर्नेल विद्यापीठाकडं गेलं. तेव्हापासून अनेक शाखांत रीतच पडली की पेपर जर्नलला धाडायच्या आधी नाहीतर धाडतानाच तिथं टाकायचा. चोरीची भीती आमच्यात उलटी चालते. तिथं तारीख पडते, आणि मग कुणी उचललंच तर जगाला दिसतं की आधी कोण होतं. तुमच्या शाखेसाठी अर्थआर्काइव्ह (अर्थ म्हणजे पृथ्वी) आहे, २०१७ पासून. जिथं पेपर धाडणार त्या जर्नलला प्रीप्रिंट चालतो का, एवढं मात्र आधी बघून घ्या.

सरांची समजूत काढायची तर झेनोडो दाखवा. आकडेवारी ठेवायचं ऑनलाइन कोठार, युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेचे लोक २०१३ पासून चालवतात, फुकट आहे. तिथं आकडेवारी ठेवली की डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो, आणि फाइल ठरावीक तारखेपर्यंत बंदही ठेवता येते. म्हणजे नाव तुमचं, तारीख तुमची आणि आतलं कुणाला दिसत नाही.

पेटंटचं काही असलं तर मात्र तोंडाला कुलूप. आमच्या लॅबमधल्या एकानं गॅस सेन्सरच्या लेपाची पूर्ण कृती परिषदेच्या पोस्टरवर टाकली आणि पेटंटचा अर्ज केला चार महिन्यांनी. एकदा जाहीर झालेली गोष्ट नवी धरत नाहीत. आपल्या कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण मोजक्या प्रसंगांपुरती, आणि आपण त्यात बसतो हे दाखवता दाखवता जीव जातो. भिंतीवरच्या रेघेचं पेटंट कुणी घेत नाही, त्यामुळं तुम्ही निवांत.

ब्लॉगवरचा परिच्छेद जसाच्या तसा थीसिसमध्ये उचलू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात आधीच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच साम्य चालतं, आणि साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला तुम्ही आणि चोर सारखेच दिसता. ब्लॉग मराठीत आणि थीसिस इंग्रजीत असेल तर हे दुखणं फारसं नाही.

---

तासिकातत्त्व

लिहा की. मी दोन वर्षं लिहिलं, इतिहासावर. ४१ नोंदी. प्रतिक्रिया ६, त्यातल्या ४ बिनव्याजी कर्ज देतो म्हणणाऱ्यांच्या. मुलाखतीत दाखवलं तर समोरचे म्हणाले, "हे कशात धरायचं?" कशातच नाही. माझ्या जागी कायमचे प्राध्यापक असते तर लिहिणं परवडलं असतं.

---

जुनी कार्डं

पोरी, आधी एक. सरांना मनातल्या मनात घाबरट म्हणू नको. ज्याचा नकाशा गेला त्यालाच ते कळतं.

मी ३३ वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, कोल्हापुरातच. कुठलं ते विचारू नका, पेन्शन चालू आहे. कार्डांच्या कपाटापासून बारकोडपर्यंत सगळं बघितलं, आणि २००९ च्या सुमारास कॉलेजच्या साइटवर "संशोधन व उपक्रम" म्हणून पानं लिहायचं काम माझ्याकडं आलं, अगदी तुझ्यासारखंच. मॅडमना टायपिंग येतं, ही एवढीच पात्रता.

पहिली चार वर्षं मी काय केलं सांगू? दीपप्रज्वलन. शाल, श्रीफळ, फेटा. "कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला, सूत्रसंचालन अमुक यांनी केले, आभार तमुक यांनी मानले." एकदा पुण्याहून एक बाई आल्या, पुराभिलेखातल्या मोठ्या अभ्यासक. दीड तास बोलल्या, काय सुंदर बोलल्या. दोन वर्षांनी एका मुलाला त्यातला एक संदर्भ हवा होता म्हणून मीच माझं पान उघडलं, तर बाईंच्या बोलण्यातला एक शब्द तिथं नाही. समईचे तीन फोटो मात्र होते. त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

त्यानंतर नेम धरला. व्याख्यान संपलं की घरी जायच्या आधी अर्धं पान लिहायचं. बोलणाऱ्यानं नवीन काय सांगितलं, त्याला पुरावा काय दिला, आणि श्रोत्यांतून कुठला प्रश्न आला ज्याचं उत्तर त्याला देता आलं नाही. हा शेवटचा भाग लोक सगळ्यात आवडीनं वाचायचे. पाहुण्याला आधी दाखवून घ्यायचं, हे विसरू नको. न छापलेलं काम असतं, कधी कधी माणूस भरात बोलून जातो.

निमंत्रणाचं म्हणशील तर चित्र पाठव, पण खाली तोच मजकूर टाइपही कर. चित्रातली अक्षरं शोधून सापडतील याची खात्री नाही. वार, तारीख, वेळ, कुठल्या इमारतीत कुठल्या मजल्यावर, आणि बाहेरच्या माणसाला आलेलं चालतं का. हे शेवटचं आपल्याकडं कुणी लिहीतच नाही. लोकांना वाटतं विद्यापीठाच्या फाटकावर वॉचमन हटकणार. एकदा आम्ही "कुणीही या, ओळखपत्र नको, बसायला जागा आहे" असं लिहिलं, तर गुऱ्हाळवाले दोघं आले, गुळाच्या रंगावरच्या व्याख्यानाला. रसायनशास्त्राच्या सरांना त्यांनी असे प्रश्न विचारले की सर दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या गुऱ्हाळावर.

आता तासिकातत्त्व, तुमच्याशी. तुमच्या ४१ नोंदींतली एखादी तरी अशी होती का, जी वाचून दुसऱ्याचं काम अडलेलं सुटेल? राग मानू नका, मला माझ्या पानांचा अनुभव आहे. सगळ्यात जास्त पत्रं मला कशावर आली, तर एका फालतू वाटणाऱ्या पानावर. कोल्हापूरच्या पुरालेखागारात कागद बघायचा असेल तर अर्ज कसा लिहायचा, सोबत काय न्यायचं, मोडी येत नसेल तर आधी काय शिकून जायचं, एवढंच. त्यात संशोधन शून्य. पण पुण्या-मुंबईचे विद्यार्थी लिहायचे, एकदा तर इंग्लंडहून पत्र आलं. गुण मिळत नाहीत हे तुमचं खरं आहे, त्यावर माझ्याकडं औषध नाही.

अर्धवट काम दाखवायचं का म्हणालीस. आमच्याकडं गणिताचे एक सर होते. २०१३ च्या जूनपासून रोज दुपारी यायचे आणि तेरेन्स ताओ या नामवंत गणितज्ञांच्या ब्लॉगवरची पानं छापून मागायचे. पानाला रुपया. महिन्याला दोनशे रुपये व्हायला लागले तेव्हा मी विचारलं, एवढं काय आहे त्यात? त्यांनी कार्डाच्या पाठीवर आकडे काढून समजावलं. यितांग झांग नावाच्या गृहस्थांनी त्या वर्षी दाखवलं होतं की एकमेकांपासून ७ कोटींच्या आत असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या कधी संपतच नाहीत. मग ते ७ कोटी किती खाली आणता येतात हे बघायला जगभरची मंडळी सगळ्यांसमोर हिशोब मांडत बसली. कुणी सकाळी एक आकडा टाकायचा, संध्याकाळी दुसरा त्यातली चूक काढायचा, आणि पहिला मुकाट्यानं "हो, चुकलं" लिहायचा. मध्येच जेम्स मेनार्ड या तरुणाला वेगळी युक्ती सापडली, ती पण कामाला आली, आणि पुढच्या वर्षी आकडा २४६ वर येऊन थांबला. सर म्हणायचे, "मॅडम, निम्मं मला कळत नाही. पण एवढा मोठा माणूस चारचौघांत चुकताना मी पहिल्यांदा बघतोय." ती सगळी पानं त्यांनी स्पायरल करून घेतली होती.

तुझे ते ७ इंच म्हणूनच लिही. आकड्यांचा तक्ता कपाटात राहू दे, सरांचं मन राहील. जे सुटलेलं नाही ते बाहेर काढ.

पण कुणाच्या भिंतीचं लिहितेयस, त्याला विचारलंस का? हा प्रश्न मला चोरीपेक्षा मोठा वाटतो. निळी रेषा, लाल रेषा ठाऊकच आहे तुला. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करू देत नाहीत. तू गावाचं नाव, घराचा फोटो आणि जीपीएस टाकून "इथं साडेसात फूट पाणी" लिहिलंस की त्या माणसाचं घर विकलं जाईल का? पोराचं लग्न ठरवताना पाहुणे ते पान उघडून बघणार नाहीत कशावरून?

शेवटी माझं नुकसान सांगते, तुझं होऊ नये म्हणून. सुरुवातीची कितीतरी पानं मी श्रीलिपी या तेव्हाच्या फाँटात टाइप केली होती. युनिकोड आलं आणि त्या पानांची लिपीच गेली, नुसती "xÉɴÉ" छापाची भुतं. ती दोन सुट्ट्यांत परत टाइप केली. मग एका मूल्यांकन समितीच्या भेटीआधी नवीन साइट करायची टूम निघाली. ठेकेदारानं एका रात्रीत जुनी पानं उडवली आणि वर फिरता फोटो लावला. तीनशेच्या वर पानं होती. जुन्या साइटांच्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनवर शोधून शोधून ११ मिळाली, त्यात पुरालेखागाराचं पान नाही. तेव्हा प्रत्येक नोंदीची एक प्रत स्वतःजवळ, आणि खातं विभागाच्या ईमेलवर काढ, कुणाच्या वैयक्तिक नको. सर निवृत्त होतात, पासवर्ड पण त्यांच्याबरोबर घरी जातो.

---

शिरोळकडची

मॅडम, तुमचं वाचून रात्री झोप नाही आली, खरंच. कारण विचारलेलं नाही. मोजायला परवानगी घेतली होती, सही पण आहे. पण "हे मी सगळ्यांना दाखवू का" असं कुणालाच विचारलं नव्हतं. आणि तुम्ही म्हणता तसं घडलेलं आहे. एका आजोबांनी मी टेप काढल्यावर हळूच सांगितलं होतं, "ह्ये कुठं छापणार न्हाईस न्हवं? पुतण्याचा प्लॉट हाय शेजारी, गिऱ्हाईक येतंय." मी हसून "नाही आजोबा" म्हटलं आणि विसरले.

आज सरांशी बोलले. झेनोडोवर बंद फाइल ठेवायला त्यांनी लगेच होकार दिला, तारीख पडते म्हटल्यावर चेहराच बदलला. ब्लॉगवर तक्ता नाही, घरांचे फोटो नाहीत, गावाच्या पुढं ठिकाण नाही. खुणा कशा ओळखायच्या, कशा मोजायच्या आणि काय कोडी पडलीत एवढंच. "आणि माझं नाव आत्ताच घालू नकोस," असं पण म्हणाले 😄

ब्लॉग टाकायच्या आधी तीच नोंद एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून त्या ७ इंचांच्या गावात नेणार आहे. मोबाइलवर वाचणारे तिथं कमी आणि पारावर वाचणारे जास्त.

---

लेव्हलवाला

पाटबंधारे नाही, खासगी सर्व्हे करतो. एकच विचारतो. उंची कुठून मोजलीस? जमिनीपासून की जोत्यापासून? आपल्या भागात २००५ नंतर निम्म्या गावानं मुरूम टाकून अंगण उचललंय.

---

शिरोळकडची

जोत्यापासून, पण दोन्ही खुणा एकाच भिंतीजवळ एकाच जोत्यापासून मोजल्या, म्हणजे त्यांच्यातलं अंतर तरी बरोबर यायला हवं. तिथंच तर डोकं फिरलंय.

---

शिरोळकडची

तीन आठवड्यांनी लिहितेय. सुटलं!

कागद घेऊन गेले. ग्रामपंचायतीच्या फलकावर एक लावला आणि त्या घरी एक दिला. काकांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाले, चांगलंय. मी चहा घेऊन उठणार, तेवढ्यात आतून त्यांची सून आली. तिनं उभ्या उभ्या वाचला आणि मला म्हणाली, "ताई, २००५ ची खूण तुम्ही चौकटीवरची घेतलीय नव्हं? ती चौकट जुन्या घराची हाय."

२००५ चं घर मातीचं होतं. २०१२ ला ते पाडून आरसीसी बांधलं, पुराच्या भीतीनं जोतं ३ फूट उचललं. पण दाराची सागवानी चौकट आजोबांच्या हातची, म्हणून तीच नव्या दाराला बसवली. पेंटचा बाण आणि तारीख तशीच. म्हणजे २००५ चं पाणी चौकटीबरोबर ३ फूट वर चढून बसलं होतं आणि मी ते दोनदा इमानदारीनं मोजलं. फरक ७ इंच नव्हे, ३ फूट ७ इंच.

काकांना हे माहीत नव्हतं असं नाही. मी "चौकट कधीची" असं विचारलंच नव्हतं.

वही काढून बसले. ११२ पैकी ९ खुणा चौकटीवर, दारावर किंवा फळीवर आहेत. आजींचा खिळा धरून. त्या सगळ्या घरी परत जायचंय. लेव्हलवाला दादा, तुमचंही बरोबर होतं, दोन घरांतला फरक काढताना जोतं धरून चालणार नाही. सरांनी विभागातलं ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) द्यायचं कबूल केलंय, गावातल्या मारुतीच्या देवळाची पायरी धरून सगळ्या खुणा एका पातळीवर आणायच्या. पायरी तरी कुणी उचललेली नाही, पुजाऱ्यांना विचारून घेतलंय. दोघांना.

ही चौकटीची गोष्ट पहिली नोंद म्हणून टाकली आहे, सुनेला विचारून. नाव नको म्हणाली, "पण चौकट म्हणून लिवा."

येत्या रविवारी सकाळी ८ ला शिरोळच्या एसटी स्टँडवरून निघतोय. स्टाफ (मापाची उंच पट्टी) धरायला दोन माणसं कमी आहेत. कुणीही या, ओळखपत्र नको. नाष्टा माझ्याकडं, छत्री ज्याची त्यानं आणायची.

---

तासिकातत्त्व

रविवारी तास नसतात. येतो.